वसुधाताई सुगरण नव्हत्या

वसुधाताई गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मध्येच एकीने लिहिलेलं, ‘एक सुगरण हरपली.’ मी बसल्या जागी तडकले. वसुधाताईंची आमटी कायम खारट असायची. त्या शिक्षिका होत्या... आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, नोकरीपायी एस्टोनियात गेल्या आणि तालिनमधल्या एका शाळेच्या इंग्रजी तुकडीत दहावी ते बारावीला फिजिक्स शिकवू लागल्या. तिथे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बाईंसाठी फुलं आणतात, बारावीची धिप्पाड पोरं पहिलीतल्या चिमुरड्यांना हाताला धरून सभागृहात नेतात. हे सांगताना त्या खुलायच्या. मग काकांची बदली इथे झाली. इथल्या शाळांनी पन्नाशी उलटलेल्या बाईंना सुनावलं, आधी डच शिका, मग पुन्हा पदवी घ्या. शेवटी शहराच्या झुइडओस्ट भागातल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हाच त्यांचा वर्ग झाला.

माझी लेक इरा तिथेच शिकली. या देशात बाराव्या वर्षीच ठरवतात, कोण विद्यापीठाच्या वाटेने जाणार आणि कोण कामधंद्याच्या. इराला शाळेने खालची वाट सुचवली, व्हीएमबीओ. वसुधाताई माझ्यासोबत शाळेत आल्या.

“तिचं गणित कुठे कच्चं आहे, दाखवा,” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

गणित कच्चं नव्हतंच. “तुम्ही घरी डच बोलत नाही. ती तिथे जास्त आनंदी राहील,” वर्गशिक्षिका गोड हसून म्हणाल्या.

“एस्टोनियात नववीपर्यंत सगळी एकत्र शिकतात. बाराव्या वर्षी मुलांची उंची तरी ठरलेली असते का?”

निर्णय बदलला नाही. त्या हसण्याची चीड मला आजही येते.

आणि आपली माणसं तरी काय वेगळी? मंडळाच्या गणपतीत प्रसाद हातावर पडायच्या आधी प्रश्न, “व्हीडब्ल्यूओ मिळालं ना?” म्हणजे विद्यापीठाची वाट. इराचं कळलं की आवाज असा खाली यायचा, जणू घरात कुणी आजारी आहे. यांचीही मुलं वसुधाताईंकडे यायची आणि इराच्या शेजारीच बसायची. एका आईने आपल्या मुलासाठी वेगळी वेळ मागितली. “माझ्याकडे टेबल एकच आहे,” वसुधाताई म्हणाल्या. ‘सुगरण’ लिहिणारी तीच.

यंदा, चार वर्षांनी, इरा व्हीएमबीओची परीक्षा उत्तम पास होऊन एक पायरी वरच्या वाटेला लागली, हावोला. निकालाआधीच वसुधाताई गेल्या... झोपेतच. याचाही मला राग येतो, कुणावर काढू ते कळत नाही.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी इराने सायकल वाटेत वसुधाताईंच्या घराकडे वळवली. मी मागोमाग होते. तिच्या हातात फुलं बघून काका गोंधळले. “अगं, ही शाळेत द्यायची ना, तुझ्या टीचरला?”

“Yes, काका,” इरा म्हणाली आणि फुलं जेवणाच्या टेबलावर ठेवली. “म्हणून तर इथे आले.”

काका आत जाऊन फुलांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.