निळ्या खिडकीसमोरचं वाक्य

"नाही नेत म्हणलं ना! दुपारची फेरी तूच ने. नाहीतर नावेला भोक पाड आणि बुडव एकदाची."

"भोक कशाला पाडायला पाहिजे? तुमचं तोंड आहे की," बायको म्हणाली. धक्क्याच्या पायरीवर बसून ती तिकिटं फाडत होती, मान वर केलीच नाही. "झालंय काय ते तरी सांगा. सकाळी तर मोठ्या तोऱ्यात गेला होता."

"ती आली होती नावेत."

"कोण ती?"

"निळ्या खिडकीतली."

बायकोचा हात तिकिटावरच राहिला. "अगं बाई! आणि तुम्ही बोललात?"

हा भोंग्या. आईबापानं नाव ठेवलं होतं, पण पत्र्याचा कर्णा हातात आला तसं ते गळून पडलं. जुनं गाव पाण्याकडून बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि भोंग्या त्यांना नावेत घालून काठाकाठानं फिरवतो. आधी किल्ल्याची भिंत, मग व्यापाऱ्यांची गोदामं, शेवटी घड्याळाचा मनोरा. किल्ल्यापाशी लोक माना वर करतात, मनोऱ्यापाशी फोटो काढतात. पण गोदामं संपली की मनोरा येईपर्यंत एक लांबलचक, रुक्ष पट्टा आहे. नुसती घरं, वाळत टाकलेल्या चड्ड्या आणि एका गटाराचं तोंड. तिथं गिऱ्हाईक जांभया देतं. जांभई दिलेलं गिऱ्हाईक घरी जाऊन कुणाला सांगत नाही, की ह्याच्याच नावेत बसा म्हणून.

त्या पट्ट्यात एक निळी खिडकी. खिडकीत एक बाई उभी असायची आणि जाणाऱ्या नावेला हात हलवायची. एवढंच. एकदा भोंग्यानं कर्णा तोंडाला लावला आणि दिलं सोडून, "मंडळी, उजवीकडं आमच्या गावचं सगळ्यात जुनं स्मारक! हिचा नवरा पळाला शेजारणीबरोबर, नावेतनं. तेव्हापासून बिचारी दर नावेला विचारते, आणलात का माझा म्हातारा? हात हलवून सांगा तिला, नाही आणला!"

नाव हसण्यानं डुलली. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण एकदा लोक हसले की त्या जिभेला चटक लागते. किल्ला बांधला कुणी हे लोक धक्क्यावर उतरायच्या आत विसरायचे. म्हातारीला कुणी विसरत नव्हतं. मग रोजचं झालं ते. खिडकीतला हात म्हणजे भोंग्याला मनोऱ्यावरच्या काट्यासारखाच. त्या हातामागं कान असतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

आज सकाळी नाव भरत आली आणि सगळ्यात शेवटी एक पांढऱ्या केसांची बाई आली, भाचीच्या दंडाला धरून. भोंग्यानं हात देऊन आत घेतलं.

"आजी, पहिल्यांदाच का?"

"नावेत पहिल्यांदाच. हिला गाव बघायचंय. मला माझी खिडकी बघायचीय, पाण्यातनं कशी दिसते ती. निळी आहे बघ, मनोऱ्याच्या अलीकडं."

भोंग्यानं धक्क्याकडं वळून बघितलं. पण दोर सुटला होता.

मग किल्ल्यापाशी त्यानं असा काही इतिहास सांगितला, की भिंतीतल्या दगडांनाही नवा वाटावा. गोदामांपाशी मिरीचे भाव सांगितले, उंदरांच्या गोष्टी सांगितल्या. पण बोलून वाट लांबते थोडीच? पट्टा आला तसा तो ओरडला, "समोर बघा मंडळी, समोर! मनोरा!" सगळ्यांनी माना पुढं केल्या. निभावलंच होतं म्हणायचं.

तेवढ्यात नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेला एक जाडजूड माणूस उठला. मागच्या वर्षी येऊन गेलेला, ह्या वेळी अख्खी सासुरवाडी घेऊन आलेला. "ओ भोंगेवाले, म्हातारी राहिली की! मेव्हण्याला खास तिच्यासाठी आणलंय." आणि भोंग्या गप्प आहेसं बघून त्यानं स्वतःच सुरू केलं. शेजारीण, नाव, नाही आणला, सगळं. सासुरवाडी पोट धरून हसली आणि रिकाम्या खिडकीला हात हलवायला लागली.

"असं नाही," म्हातारी म्हणाली. "आधी 'सगळ्यात जुनं स्मारक' असतं. ते तुम्ही गाळलंत."

लोक आणखीनच हसले. भाची तेवढी हसली नाही. भोंग्या नावेच्या मशीनकडं वाकला. मशीनला काही झालेलं नव्हतं.

म्हातारी सरकून त्याच्याजवळ आली. "पाण्यावरून आवाज लांब येतो, बाबा. आमच्या तर स्वयंपाकघरापर्यंत येतो."

"आजी, मी आपली चेष्टा..."

"पळाला नव्हता तो. मागच्या खोलीत खाटेवर होता, कमरेखालनं गेलेला. तुझा भोंगा वाजला की म्हणायचा, ऐक, मी पळालो बघ परत! एवढा हसायचा, मला तोंड पुसायला लागायचं त्याचं. वर मलाच म्हणायचा, जा, हात हलव, नाहीतर बिचाऱ्याचा खेळ पडेल."

"आता कसे आहेत?" भोंग्याच्या तोंडून निघून गेलं.

"थंडीत गेला." तिनं खिडकीकडं बघितलं. मग भाचीला म्हणाली, "केवढीशी दिसते गं. मला मोठी वाटायची."

धक्क्यावर उतरताना तिनं पुन्हा भोंग्याचाच हात धरला. म्हणाली, "किल्ल्याचं छान सांगितलंस हो." दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर बरं, असं झालं त्याला.

"मग माफी मागितलीत का नाही?" बायकोनं विचारलं.

"तोंडच उघडलं नाही."

"मिटायचं तेव्हा उघडं आणि उघडायचं तेव्हा मिटलेलं." तिनं तिकिटांची चळत मांडीवर पालथी घातली. "मी पण कमी नाही म्हणा. 'म्हातारी दाखवतात हो आमचे हे' म्हणून माणसं बोलवायची, इथं बसून." असं म्हणताना ती पाण्याकडं बघत होती, नवऱ्याकडं नाही.

"म्हणून म्हणतो, नाही नेत."

"आणि घरात बसलात म्हणजे खिडकी उठून जाणार आहे का? पाणी झिरपलंय नावेत, उपसा."

भोंग्या नावेत उतरला. डबा घेऊन वाकून वाकून पाणी उपसलं, फळ्या फडक्यानं पुसल्या. माणसं येऊन बसली. एकजण बसता बसताच म्हणाला, "ती म्हातारी दाखवता ना हो? त्याच नावेत बसा असं सांगितलंय आम्हाला."

भोंग्याचे कान तापले. पायरीवरची बायको पदरानं उगाच मान पुसायला लागली.

"म्हातारी नाही," तो म्हणाला. "किल्ला, गोदामं, मनोरा. मधला पट्टा कंटाळवाणा आहे, तिथं जांभया देऊन घ्या."

त्यानं कर्णा फळीखाली सरकवला, बांबू धक्क्याला टेकवला आणि नाव लोटली.