बाईंच्या नावाची ऑर्डर

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नागापूरच्या एमआयडीसीत मी प्रोग्रामर होते. म्हणजे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आमच्या कारखान्याच्या दोन शेड: लेथची साहेबांच्या नावावर, पत्र्याचे भाग ठोकायच्या प्रेसची त्यांच्या बायकोच्या. कागदावर बायकोचं नाव लावायची पद्धत तिथं घरोघरी होती, पण आमच्या बाई प्रेस खरोखर स्वतः चालवायच्या. पुण्याची एक कंपनी दोघांना काम द्यायची. ऑर्डर कोण मागतंय हे तिच्या सर्व्हरला कळावं म्हणून तिनं दोघांना वेगवेगळी सर्टिफिकेटं फ्लॉपीवर दिली होती.

मी ऐटीत एकच प्रोग्राम लिहिला. आधी साहेबांचं सर्टिफिकेट लावून ऑर्डर मागायची, मग बाईंचं लावून. आणि दोन्ही वेळा ऑर्डर यायची ती साहेबांचीच! प्रेसवरच्या बायका हातावर हात धरून बसल्या. शनिवारपर्यंत बाईंच्या नावानं ऑर्डर उचलली नाही तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं. मी फ्लॉपीला, मोडेमला, शेवटी अख्ख्या पुण्याला शिव्या घातल्या. चूक माझी असेल, हे काही मनात येईना.

शनिवारी सकाळी साहेबांनी कंपनीला फोन लावला, आपलं बोलणं उरकलं आणि पुन्हा लाईन मिळेल न मिळेल म्हणून तोच रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. बाई पाच मिनिटं बोलल्या. पलीकडच्या कारकुनानं सगळं साहेबांच्याच फायलीत लिहून घेतलं आणि वर तसं सांगितलंही.

"अवो, मी येगळी हाय!" बाई कडाडल्या. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्यो फोन ठिवा आदी. मी माजा लावते, माजं नाव सांगून."

मी खुर्चीतून उडालेच. माझा प्रोग्राम हेच तर करत होता! साहेबांसाठी उघडलेली जोडणी बंद न करता तिच्यावरच बाईंना बोलायला लावत होता. सर्व्हर ओळख विचारायचा ती जोडताना, एकदाच. नंतर नवं सर्टिफिकेट दाखवलं तरी बघतो कोण? धन्य माझी! मी दोघांच्या जोडण्या वेगळ्या केल्या, बाईंच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला आणि त्याची वायर मोडेमला लावली.

प्रिंटर करकरला. कागदाच्या माथ्यावर बाईंचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, कागद टरकन फाडला आणि प्रेसच्या शेडकडे धावत सुटल्या. त्यांच्या मागे मी, दोघी वेड्यासारख्या हसत.

"अगं, आन् माजी आर्डर?" साहेब दारातून ओरडले. आनंदाच्या भरात त्यांची त्या दिवसाची ऑर्डर मागवायचीच राहिली होती.

बाई वळल्यासुद्धा नाहीत. "तुमचा नंबर माज्या मागं!"