दामाभाऊंच्या दोन बांध्या

माती तपासणीच्या लॅबमध्ये कोपऱ्यात पिशव्या साचतात आणि डोक्यात किस्से. मूल गावाजवळच्या आमच्या लॅबमधले माझे निम्मे किस्से एकाच घरचे आहेत: दामाभाऊ आणि त्यांची बायको सखूबाई.

त्यांचं धान दरवर्षी तपकिरी पडायचं. मी म्हटलं, माती आणा. भाऊंनी आणली ती काळीभोर, भुसभुशीत. रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास! कुठली माती, विचारलं तर म्हणाले, "उकिरड्याजवळची. तपासाले न्याची तं चांगली नको का, साहेब?"

*

बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातल्या, खऱ्या मातीत जस्त फारच कमी निघालं; धान तपकिरी पडायचं ते त्यामुळेच. मग प्रयोग ठरला. शेजारशेजारच्या दोन बांध्या, दोन्हींत धान. धानामागून एकीत लाखोळीचं कडधान्य घ्यायचं, दुसरी रिकामी ठेवायची आणि लाखोळीनं जस्त वाढतं का, ते तीन वर्षं मोजायचं. भाऊंनी बजावलं, "फरक दिसला तं साऱ्या वावरात लाखोळी. नाई तं बंद." माझी पहिलीच नोकरी, पहिलाच प्रयोग. मी जाम टेन्शनमध्ये होतो.

*

पहिल्या वर्षी लाखोळीच्या मुळांवरच्या गाठी मोजायला गेलो, तर झाडांचे शेंडेच गायब! सखूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. "भाजी खाऊन पाहा साहेब. तुमचा प्रयोग लय चवदार हाये." मी दोनदा मागून घेतली.

*

दुसऱ्या वर्षी लाखोळीच्या बांधीत जस्त भरमसाट वाढलं. मी लॅबभर पेढे वाटले. पेढा खाता खाता लॅबच्या प्रमुख सरांनी विचारलं, "नमुन्याची माती कालवली कशात?" लाखोळीच्या बांधीचा नमुना घेताना प्लास्टिकचं घमेलं फुटलं म्हणून भाऊंनी घरची जस्ताची बादली घेतली होती. मी डोक्याला हात लावला. "पन घासून घेतली होती ना," भाऊ म्हणाले. पेढे काही परत मागता येत नाहीत.

*

तिसऱ्या वर्षी नमुने मी स्वतः घेतले. जस्त दोन्ही बांध्यांत सुधारलं होतं, पण अगदी सारखं. फरक शून्य! सर म्हणाले, "प्रयोग फसला. सांगून ये." मला नुसतं रडायचं बाकी होतं.

दामाभाऊंच्या ओट्यावर बसून कसंबसं सांगितलं. सखूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"फरक कसा दिसन, साहेब? दर उन्हाळ्यात मी लाखोळीच्या बांधीतली माती टोपली टोपली दुसरीत नेऊन टाकली. दोघी एकाच घरच्या. एकीले जेवाले द्याचं अन् दुसरीले उपाशी ठेवाचं, हे मले नाई जमत."