बक्षिसाच्या शर्यतीचा नियम

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. फीमाफी आणि वसतिगृहाशिवाय खेळाडूंना वर पैसे द्यावेत का, असं कोणी विचारलं की मी ठामपणे नाही म्हणायचो. पैसा आला की खेळ बिघडतो, हे मी इतक्या सभांत बोललो की मलाही ते खरं वाटायला लागलं. एका मुलीबद्दल मात्र कधीच बोललो नाही.

ती धडगावच्या वरच्या एका पाड्यातली. पाच हजार मीटर धावायची. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी ती मिरचीच्या पथारीवर जायची. माळावर वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं खुडायची आणि मजुरी आईला पाठवायची. मी ते बंद केलं. दिवसभर उकिडवं बसून गुडघे आखडतात, हातांची आग होऊन झोप लागत नाही, असं माझं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण त्या मजुरीच्या जागी मी काहीच दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी आईचा निरोप आला: घरी काही येणार नसेल तर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला चल, माझ्या जोडीला माणूस नाही. ती एक पत्रक घेऊन माझ्याकडे आली. शहाद्याकडच्या एका गावात शर्यत होती, पहिलं बक्षीस रोख.

"सर, एवढी एक पळते. मग आई वर्षभर काही बोलणार नाही."

विद्यापीठाच्या स्पर्धा तीन आठवड्यांवर होत्या. डांबरी रस्त्यावर तिचा पाय मुरगळला असता तर आमचं पदक गेलं असतं. मी म्हणालो, "पैशासाठी पळालीस तर विद्यापीठ तुला बाद करेल. नियम आहे."

असा नियम नव्हता. माझ्या तरुणपणी तसं काही ऐकलं होतं. ते आता लागू नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती गेल्यावर दारातला शिपाई म्हणाला, "सर, घोडाले बी चंदी-चारा लागस. पोर काय टाळ्यासवर पयी का?"

"तू जाऊन घंटा वाजव," मी म्हणालो.

पदक आलं. मला शाल मिळाली. दिवाळीनंतर आई जीपने आली आणि तिला घेऊन गेली. अहवालात मी लिहिलं, 'घरगुती कारणामुळे शिक्षण सोडले.' पुढे भाषणांत सांगायचो, डोंगरातल्या पोरींना पाय असतात, चिकाटी नसते. ते वाक्य मी इथे मागे घेतो.

गेल्या हिवाळ्यात ती पथारीवर दिसली. तोंडाला फडकं होतं, तिनंच हाक मारली म्हणून ओळखलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, तो नियम खोटा होता.

"माहीत होतं, सर. वसतिगृहातल्या दुसऱ्या पोरी पळायच्या की. बक्षिसं आणायच्या."

"मग तू का नाही पळालीस?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

तिचे हात थांबले नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलाबाळांचं विचारलं. एक मुलगी, आश्रमशाळेत सातवीला. शाळेत सगळ्यांच्या पुढे पळते, म्हणाली.

"मग पुढे?"

"मास्तर आले होते, जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायला. मी नाही पाठवली."