लोणीचे दूधवाले काका

लोणी काळभोरहून बिबवेवाडीला आमच्याकडे दूध घालणारे काका दारात कधी गप्प उभे राहिले नाहीत. बेलपाठोपाठ घरची बातमी यायची. "नात पालथी पडाय लागली, ताई." नाहीतर, "मंडळींचा गुडघा आज बरा हाय." त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, घर मात्र सगळं पाठ होतं.

मध्यंतरी सुनेला स्कूटर शिकवायला आमच्या गल्लीत घेऊन आले. एका हातानं धोतर सावरत तिच्यामागे धावत होते. "भिऊ नको पोरी, मी धरलंय." हात तर त्यांनी केव्हाच सोडला होता.

नंतर दोन आठवडे दूध आलं नाही. लेकीकडे गेले असतील, असं आम्ही धरून चाललो.

आज बेल वाजली. दारात ती सून, हातात किटली.

"काका कुठायत?"

"मामंजी गेले, ताई. गोठ्यातच छातीत कळ आली. काल तेरावा झाला."

तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं, दूध मापून घातलं, परत दिलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच मटकन बसली. मी पातेलं तसंच धरून तिच्या शेजारी जाऊन बसले.