नाव तुझं निघालंय

शालनताई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं सांगलीहून केला, तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि तशीच बसून राहिले… त्याला आता महिना होऊन गेला. बोलून सांगणं मला अवघड जातं, म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर कामी आणते आहे.

वडूजजवळच्या आमच्या वस्तीवर ताई पहिल्यांदा आल्या त्या एका पाहणीसाठी. घरातल्या बायकांच्या मनात काय आहे, ते विचारून लिहून न्यायचं, हे त्यांचं काम. सगळ्या घरांत जायचं नव्हतं. दर वेळी ठरावीक आकड्याइतकी घरं सोडून पुढच्या घरात शिरायचं, त्यात आमचं घर आलं. आम्ही तिघी होतो, सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. तिघींपैकी एकीलाच विचारायचं म्हणून ताईंनी आमच्या नावांच्या चिठ्ठ्या घरातल्याच तांब्यात टाकल्या, चांगल्या हलवल्या आणि सासूबाईंना एक काढायला लावली. माझं नाव निघालं. मला वाटलं, बक्षिसाचा कुकर लागला!

सासूबाईंना चिठ्ठी म्हटलं की भिशी ठाऊक. भिशीत एकीला लागलेली चिठ्ठी अडीनडीला दुसरीला देता येते. त्या म्हणाल्या, "हिची मी घेते. ही लय बुजरी. हिला काय कळतंय? मला इचारा."

"आवं आत्या, ही भिशी न्हाई," ताई म्हणाल्या. "नाव तिचं निघालंय."

"मग परत काढा की! थोरलीचं निघंल. ती बोलती तरी."

"म्हणूनच परत काढायची न्हाई," ताई हसून म्हणाल्या. "बोलतीलाच इचारत गेलं, तर गप बसणारीच्या मनातलं कुणाला कळायचं?"

मी मात्र गोठ्यात जाऊन शेण भरत बसले, ते त्या जाईपर्यंत बाहेर आलेच नाही. वाटलं, सुटले, आता शेजारच्या घरी जातील. पण दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटीतून उतरून, उन्हातून चालत बाई पुन्हा हजर! शेजारचं घर घेतलेलं चालत नाही म्हणाल्या. मग गोठ्यातच पाटी पालथी घालून त्यावर बसल्या. सासूबाई दारातून ओरडल्या, "लिवा, समदं चांगलं हाय म्हणून!" ताई म्हणाल्या, "आत्या, तुमचं नाव निघंल तवा तुमाला इचारीन."

पुष्कळ प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, लेकीला दहावीनंतर शिकवावं का, तुम्हाला काय वाटतं? घरात ती बोलणी चाललीच होती. माझ्या लेकीला स्थळ आलं होतं. मी म्हटलं, "म्हाईत न्हाई." त्या म्हणाल्या, "तसं बी लिवता येतं. पण खरंच म्हाईत न्हाई का?" मी म्हशीकडं बघत राहिले… आणि म्हणाले, "शिकवायचं."

दारात सासूबाई तशाच उभ्या. "आगं, मग आधी कवा बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

त्या आत गेल्या. पण ते स्थळ परत गेलं आणि लेक कॉलेजला गेली. सासूबाईंनीच तिला पहिल्या दिवशी एसटीत बसवलं. पुढं ताई या बाजूला आल्या की आमच्याकडं भाकरी खाऊनच जायच्या. त्या आणि सासूबाई त्या भिशीवरून एकमेकींना चिडवायच्या. आणि आमच्या घरात एक बोलणं कायमचं राहिलं. माझ्या वतीनं कुणी बोलायला लागलं की सासूबाई त्याला अडवतात, "थांब, नाव तिचं निघालंय."

ताई गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, सांगलीला भेटायला थोरल्या जाऊबाईंना पाठवू या, त्या नीट बोलतील. सासूबाई आता अंथरुणाला खिळून आहेत. कूस न बदलताच म्हणाल्या, "नाव तुझं निघालंय. तूच जा."

आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीनं सांगलीला गेले. ताईंच्या घरी माणसं बसली होती. भाचीनं विचारलं, तुम्ही कोण? मी सगळं सांगितलं, तांब्यापासून म्हशीपर्यंत. माणसं रडता रडता हसली.

घरी आले तर सासूबाई जाग्याच होत्या. "बोललीस व्हय?"

"व्हय."

उशाशी तोच तांब्या होता, आता जरा पोचे आलेला. त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. "पाणी पी. लांबनं आलीस."