भावाचे कान

मोर्टारवाल्या, म्हणजे उखळी तोफेवरच्या, जवानाला शत्रू दिसत नाही. हे मला भावानेच सांगितलं होतं. बांधाआड नळी उभी करायची आणि तिच्या तोंडातून बॉम्ब आत सोडायचा. तो घसरत बुडाशी जातो, तिथल्या सुईवर आपटतो आणि उडतो सरळ आभाळात. पलीकडे कुणाच्या डोक्यावर पडतो ते सोडणाऱ्याला ठाऊक नसतं.

"म्हणजे न पाहताच माणसं मारता तुमी?" मी तावातावाने विचारलं.

"मंग काय, पत्ता इचारून मारू?" तो हसला.

बॉम्ब सोडणं हेच त्याचं काम. पहिला उडाल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, एवढा एकच नियम त्याने मला दोनदा सांगितला.

ही पासष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तो सुटीवर आला होता, चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी. मी अमरावतीला मास्तरीण व्हायला शिकत होते, पण अभ्यासापेक्षा पत्रकंच जास्त लिहायची. आम्ही बौद्ध झाल्याला नऊ वर्षं झाली होती. विहिरीला मात्र ते अजून कळलं नव्हतं. 'आमचा भाऊ देशासाठी तोफ चालवतो आणि गावची विहीर आम्हाला बंद!' हे माझं वाक्य. परतवाड्याच्या बाजारात लोकांनी ते पत्रक मागून मागून नेलं होतं.

त्या दिवशी माय आणि मी अंगणात मिरच्या कांडत होतो. उखळ एक, मुसळं दोन. तिखट डोळ्यांत उडतं म्हणून बाया तोंड फिरवून, डोळे मिटून कांडतात. समोरचीचा घाव पडल्याचं ऐकायचं, की आपलं मुसळ सोडायचं. सगळं काम कानाचं.

भाऊ म्हणाला, "सरक व, तुह्यानं काई होत नाई." माझं मुसळ घेऊन त्याने आमच्यासारखंच तोंड फिरवलं. तिसऱ्याच घावाला त्याचं मुसळ मायच्या बोटांवर आलं.

"काहून रे, मायले मारतं का?" ती आधी हसली. मग बोटं तोंडात धरून त्याच्या पाठीमागे गेली आणि त्याला हाक मारली. मग मोठ्याने मारली. तो मुसळ धरून तसाच उभा.

"कवापासून?" तिने त्याच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"तोफेपाशी सगळ्यायचेच कान जातात माय. जमीन हादरते ना, पायाले समजते मले."

"साहेबाले सांगजो."

"सांगतो."

तो खरंच सांगणार होता. मी मध्ये पडले. "सांगशील तर घरी धाडतील तुले. मंग जा पाटलाच्या वावरात डवरे हाकाले! इथं सारे वाटच पाहून राहिले."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मला वाटलं, विचार करतोय. तो ऐकत होता.

"खरं हाय तुह्यं," तो म्हणाला.

जाताना बूट घालून तो पाटलाच्या गल्लीतून मुद्दाम गेला. मीच जायला लावलं. त्या बुटांचा आवाज मला अख्ख्या गावाला ऐकवायचा होता.

लढाई पेटली आणि तो गेल्याची तार आली. तारेत दोन ओळी होत्या. दिवाळीनंतर त्याच्या तुकडीतला एक जवान, हिवरखेडचा, आमचं घर शोधत आला. टोपी हातात फिरवत अंगणात बसला.

"चार नळ्या एका रांगेत होत्या मावशी," तो म्हणाला. "सारख्या सुरू. त्याच्या नळीत बॉम्ब गेला अन् आतच राहिला, उडालाच नाई. बाकीच्यायनं जमीन हादरत होती. त्याले वाटलं, आपलाच गेला. त्यानं दुसरा सोडला. दोनी नळीतच फुटले." मग खाली मान घालून म्हणाला, "आमी वरडलो मावशी. लय वरडलो."

माय त्याला म्हणाली, "भाकर खाऊन जा बाप्पा." मग तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढंच.

पुढच्या आठवड्यात गावाने शोकसभा ठेवली. ज्यांनी घोटभर पाणी दिलं नाही त्यांना आता शहीद हवा होता. पत्रक लिहायला मलाच सांगितलं, आणि मी लिहिलं: 'शत्रूच्या तोफांशी झुंजताना त्याने देह ठेवला.' मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं.

"कानाचं लिवलं का?" तिने विचारलं.

"नाई."

"तू काय सांगतलं होतं त्याले, थे?"

मी कागदाची घडी घातली. पत्रक तसंच छापलं गेलं. माझं नाव खाली होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माय मिरच्या घेऊन उखळापाशी बसली. मी दुसरं मुसळ उचललं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"राहू दे. मी एकटी कांडतो."